पाच बेचाळीस

चिखलीच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
हॉलचं नाव 'झुआरी', आणि नदी कुठेच दिसत नाही.
खिडकी उघडली की बंदरातला कोळसा आत येतो,
बशीच्या कडेवर बसतो, कराराच्या मसुद्यावर बसतो,
पान उलटताना बोट काळं होतं.
कंपनीचे वकील सेठना रुमालाने टेबल पुसतात,
थोड्या वेळाने पुन्हा पुसतात.

पहिले दोन दिवस पैशात गेले.
महिन्याला हमीचे तास सत्तर की साठ,
परगावच्या मुक्कामाचा भत्ता,
सिम्युलेटरमधला दिवस कामाचा धरायचा की नाही.
साठीनंतर पगार तीस टक्के कमी, असं त्यांचं म्हणणं.
इनासियो कुएल्योने विचारलं,
साठीनंतर विमान तीस टक्के हलकं होतं का हो?
सगळे हसले. सेठनाही हसले,
आणि आकडा होता तिथेच राहिला.

मी त्रेसष्टचा. दीड वर्ष उरलंय.
बायकोने घरात एक भिंत रिकामी करून ठेवलीय,
कशासाठी, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, कलम चौदा:
'रात्र म्हणजे'
आणि पुढे कोरी जागा.
ते म्हणतात, बारा ते पाच.
आम्ही म्हणतो, बारा ते सहा.
त्या पाच तासांत दोनच लँडिंग; बाहेर कितीही.
सेठना म्हणतात, अहो कॅप्टन, तुमच्या गोव्यात
पाचला लोक बोगमाळोला फिरायला येतात!
येतात. झोपून उठून येतात.

पाच ते सहा मला ठाऊक आहे.
शरीराने तो तास कधीच मंजूर केलेला नाही.
डोळे उघडे असतात, हात जागच्या जागी,
आणि आत दुकान बंद.

मागच्या फेब्रुवारीत, त्या रात्रीचं चौथं लँडिंग,
समुद्राकडून दाबोळीवर येत होतो.
खाली नांगरलेल्या जहाजांचे दिवे.
दिवे पाहिले, एवढं आठवतं.
मग शेजारून मुग्धा, देवळात हाक मारावी इतक्या हळू:
"कॅप्टन?"
घड्याळात पाच बेचाळीस.
अकरा सेकंद, ती नंतर म्हणाली. मोजले होते तिने.
तेवढ्यात विमान एक किलोमीटर जातं,
मागे एकशे चौऱ्याहत्तर माणसं,
त्यातली निम्मी झोपलेली, तो त्यांचा हक्क.
कुठल्याही नोंदीत ते सेकंद नाहीत.
मी नोंदवले नाहीत. तिनेही नाही.
आम्ही त्यावर पुन्हा बोललोही नाही.

मुग्धा नार्वेकर आजही माझ्या उजव्या हाताला बसलीय.

साडेचारला सेठना चष्मा काढतात:
चला, मधला मार्ग. साडेपाच.
आणि तुमचे ते तीस टक्के, त्याचे पंधरा करू.
कुएल्यो माझ्याकडे बघतो.
माझ्याच खिशात येणारे पैसे, दीड वर्षांचे.
मी हिशेब केला, खोटं कशाला सांगू,
शून्यासकट केला.
पेनचं टोपण काढलेलं होतं.

तेव्हा मसुद्याच्या कोपऱ्यात,
कोळशाच्या धुळीत, मुग्धाचं बोट फिरलं.
५:४२.
त्यांच्या व्याख्येप्रमाणे
बारा मिनिटांपूर्वीच दिवस सुरू झालेला.

मी टोपण लावलं.
सगळ्यांसमोर डोळे मिटले
आणि मोजायला लागलो.
तीनपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.
पाचला कुणाची तरी खुर्ची वाजली.
मग नुसता एसी.
नऊला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकत आला,
काचेचा तळ धुळीवर खरखरला.
अकराला सेठना,
अगदी हळू:
"कॅप्टन?"